विहिणीचं सुतक नसतं

विहीणबाई, मला तुमचं सुतक नाही. पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर अगदी स्वच्छ सांगितलं. तुमच्या गिरीशला दहा दिवस, माझ्या मुग्धाला दहा दिवस, आपल्या नातीला, आर्याला दहा दिवस. मी मध्येच तोंड घातलं, "आणि मला?" गुरुजींनी चष्मा सारखा केला, कोण बोलतंय ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "आपण सुनेच्या मातोश्री ना? आपल्याला काही नाही. आपण देवाची पूजासुद्धा करू शकता."

झालं. ज्या बाईबरोबर मी तीन वेळा परमुलखात एका खोलीत राहिले, जिच्या घोरण्याला नावं ठेवली आणि जिच्या हातचा चहा प्याल्याशिवाय माझी सकाळ सुरू होईनाशी झाली, ती गेली तर शास्त्राप्रमाणे माझं काही बिघडलं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बघा, मुलीची आई कशी अलगद सुटली." सुटले कसली! देवापुढे बसले, पण दिवा लावायला हात उचलेना. दहा दिवस मीही पाळले. गुरुजींना सांगितलं नाही.

सुतक नाही, पण एक खोटं मात्र आहे, आणि ते सगळं माझ्या अंगावर आहे. चौथ्या दिवशी गिरीश तुमच्या मरीन परेडच्या फ्लॅटवरून आमच्याकडे सेंगकांगला, म्हणजे सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला आला, तो गोळ्यांचा डबा घेऊन. डबा टेबलावर ठेवून म्हणाला, "काकू, ह्या हार्टच्या गोळ्या आहेत. आई मला एका शब्दाने बोलली नव्हती. तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही रे बाबा."

इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, मुलांचं खोटं त्यांच्या कानाच्या पाळ्यांवरून ओळखत आले. माझं कुणी ओळखलं नाही. गिरीशने मान हलवली, डबा पिशवीत टाकला आणि तो आर्याचा गृहपाठ बघायला गेला.

काल तेरावं झालं. आज मला तुमच्या फ्लॅटवर त्याच्याकडे जायचं आहे आणि ते "नाही" परत घ्यायचं आहे. पण आधी तुमच्याशी बोलून घेते, कारण ह्या खोट्यात तुम्हीही अर्ध्या भागीदार आहात.

ह्याची सुरुवात तुमच्या खिडकीतून झाली. मरीन परेडच्या त्या खिडकीतून समुद्रावर नांगरलेली जहाजं दिसतात. मी ती मोजायचे, तुम्ही वाचायचात. "ते रिकामं आहे, बघा किती वर आलंय. ते डाव्या हाताचं पोटभर जेवून बसलंय." लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं तुम्ही नवऱ्याबरोबर जहाजावर काढलेली. ते चीफ इंजिनियर, खाली इंजिनरूममध्ये. तुम्ही वर केबिनमध्ये, लोकरीचा एक गुंडा आणि गोल खिडकी घेऊन. भर हिवाळ्यात भूमध्य समुद्रातून जाताना बेटं लागायची. उघडे डोंगर, खाली मूठभर घरं, आणि संध्याकाळी त्यातल्या एखाद्याच घरात दिवा. जहाज काही थांबायचं नाही. तुम्ही मला म्हणालात, "त्या दिव्यापाशी कोण बसलेलं असेल, हे मी चाळीस वर्षं मनात ठेवलंय." मग विचारलंत, "तुमच्या पासपोर्टची मुदत आहे ना?"

मी म्हटलं, जायचं तर उन्हाळ्यात जाऊ, चार माणसं जातात तेव्हा. हिवाळ्यात काय आहे? दुकानं बंद, हॉटेलं बंद, बोटींचा भरवसा नाही. पैसे मोजून बंद दारं बघायला कोण जातं? आर्यानेही तिच्या सिंगापुरी ढंगात माझी बाजू घेतली होती, "आजी, सगळं क्लोज असताना कोण जातं लाह!" तुम्ही शांतपणे चहा गाळलात आणि म्हणालात, "लग्नात सगळीच घरं छान दिसतात, विहीणबाई. पाहुणे गेले, मांडव सुटला, की मग कळतं घर कसं आहे ते."

हा वाद आपण गेली चार वर्षं घातला. विमानात, बोटीत, तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये खाण्याच्या टपऱ्यांपाशी कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना. तो कधी मिटला नाही. मी शेवटपर्यंत उन्हाळ्याच्या बाजूने आणि तुम्ही हिवाळ्याच्या. इथली मराठी मंडळी गणपतीत भेटली की डोळे मोठे करून विचारायची, "विहिणी-विहिणी फिरायला जाता? आणि भांडत नाही?" तुम्ही म्हणायचात, "भांडायलाच तर जातो. घरी सूनबाई ऐकते."

व्हिसाच्या अर्जाचं आठवतं? तुमचा सिंगापूरचा पासपोर्ट, तुम्हाला लागत नव्हता. मला मात्र सतरा भानगडी. खिडकीतल्या मुलीने विचारलं, बरोबर येणाऱ्या बाई तुमच्या कोण? मी इंग्रजीत सांगितलं, हिचा मुलगा, माझी मुलगी. ती म्हणाली, ते कळलं, पण ह्या तुमच्या कोण? मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. शेवटी तिनेच "मैत्रीण" लिहून टाकलं. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "सरकारी कागदावर बढती मिळाली तुम्हाला." मी तेव्हा नाक मुरडलं. आवडलं होतं मला.

पहिलं बेट गोझो, माल्टाजवळचं. जानेवारी महिना. मी समजत होते की सगळं करडं, मरगळलेलं असेल, आणि बोटीतून उतरून पाहते तर हिरवंगार. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो ही साधी गोष्ट, शाळेत मीच भूगोलाच्या बाईंच्या रजेत शिकवलेली, आणि विसरले होते. बांधाबांधावर पिवळी फुलं. तुम्ही वाकून एक देठ तोडलात, चावलात आणि लहान मुलीसारख्या ओरडलात, "अहो, ही आंबुटी! आमच्या रत्नागिरीची!" मग आपण दोघी, साठी उलटलेल्या बायका, युरोपातल्या एका शेताच्या कडेला उभ्या राहून आंबुटी खात होतो. एक शेतकरी ट्रॅक्टर थांबवून बघत राहिला. तुम्ही त्यालाही एक देठ दिलात. त्याने तो खाल्ला.

दुसरं मारेत्तिमो, सिसिलीच्या पलीकडचं. तिथे मी खरोखर चिडले होते. गावात शंभर दारं आणि त्यातली नव्वद बंद. खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधलेल्या. जेवायला काही मिळेना. मी रस्त्यात उभी राहून तुम्हाला म्हटलं, "घ्या, बघा तुमचं घर पाहुणे गेल्यावर!" तेवढ्यात बंदरावर होडीला रंग देणाऱ्या एका म्हाताऱ्याने आपल्याला पाहिलं, हाताने खाण्याची खूण केली आणि सरळ आपल्या बहिणीच्या घरी नेलं. तिने मसुराचं सार वाढलं. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. तुम्ही बिनधास्त मराठीत बोलत होतात, ती तिच्या भाषेत, आणि तासाभराने तिच्या सुनेच्या सगळ्या तक्रारी आपल्याला समजल्या होत्या. निघताना तुम्ही पर्समधून कुंकवाची डबी काढून तिच्या कपाळाला बोट लावलंत. स्वतः लावत नव्हतात, पण डबी जवळ असायची. त्या बाईने आरशात पाहिलं आणि डोळ्याला पदर, म्हणजे ॲप्रन, लावला. मी म्हटलं, "उन्हाळ्यात आलो असतो तर हिने बिल दिलं असतं." तुम्ही म्हणालात, "म्हणजे हरलात." मी म्हटलं, "मुळीच नाही."

आता तिसरं, ग्रीसमधलं तिलोस. इथे मला जपून लिहायला हवं.

पण त्याआधी लग्नातलं ते पाय धुण्याचं. अकरा वर्षं झाली. तुमच्याकडच्या एका आत्याबाईंनी आदल्या दिवशी निरोप पाठवला, मुलीच्या आईने विहिणीचे पाय धुवायचे असतात, ताम्हन-तांब्या तयार ठेवा. मी फणकारले. मी गणिताची मास्तरीण; दोन्ही बाजू समान, नाहीतर समीकरणच नाही. मी निरोप उलटा पाठवला, "पाय धुणार नाही. त्यांना घाम आला असेल तर कार्यालयात नळ आहे." फार उद्धट बोलले. तुम्ही ते ऐकलंत आणि फक्त म्हणालात, "मी कुठे मागितलं होतं?" नंतर कळलं की खरोखर नव्हतं मागितलं. पण मी क्षमा मागितली नाही आणि तुम्ही विसरला नाहीत. रुसून नव्हे, वर्षातून दोनदा चिमटा काढायला तुम्हाला ते फार उपयोगी पडायचं. "ह्यांनी माझे पाय धुतले नाहीत, बरं का."

तिलोसला ह्या जानेवारीत वाऱ्याने आपल्याला अडकवलं. वारा वाढला की तिथला बंदरावरचा साहेब बोटींना मनाई करतो. मग येणंही नाही, जाणंही नाही. तीन दिवस. मला उलट बरंच वाटलं होतं, हे आज सांगते. डोंगराच्या उतारावर आपली खोली, पंचवीसेक पायऱ्या. पहिल्या दिवशी त्या चढताना तुम्ही एकदा थांबलात, तिसऱ्या दिवशी तीनदा. समुद्र बघायला थांबले म्हणालात. समुद्र तुमच्या पाठीमागे होता.

त्या दिवशी दुपारी बूट पायात शिरेना. मी घरमालकीण इरिनीकडून घमेलं आणलं, कढत पाण्यात मीठ टाकलं आणि खाली बसून तुमचे पाय त्यात ठेवले. चोळता चोळता वर पाहिलं तर तुम्ही मिस्कील हसत होतात. "अकरा वर्षं उशीर झाला," म्हणालात, "पण चालेल." मी इतकी हसले की पाणी सांडलं. मग टॉवेलने पाय पुसताना माझा अंगठा घोट्यावर दाबला गेला आणि खळगा पडला. तो तसाच राहिला. माझ्या आईच्या पायावर शेवटच्या वर्षी असाच खळगा पडायचा. मला कळायला हवं होतं, असं म्हणून मी सुटणार नाही. मला कळलं.

तुम्हीही माझ्या चेहऱ्यावरून ओळखलंत. म्हणालात, "गिरीशला सांगायचं नाही. तो मला घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही." मी विचारलं, "डॉक्टरकडे याल?" "येईन." आणि आलात, हे तुमच्या बाजूने सांगायला हवं. परत आल्यावर आपण दोघीच पॉलिक्लिनिकमध्ये गेलो. गोळ्या मिळाल्या, पाय उतरले, पायऱ्या पुन्हा चढता यायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीसाठी मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली आणि लवकर जा म्हणाल्या. तुम्ही दोनदा तारीख पुढे ढकललीत. दुसऱ्यांदा थेट पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये घेतलीत, कारण त्याआधी फेब्रुवारीत आपलं चौथं बेट ठरलं होतं, क्रोएशियातलं व्हिस. ती तारीख बदलून घेताना मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

मी का बोलले नाही? माझ्याकडे तयार उत्तर आहे, आपल्या लोकांना पटेल असं. मुलीच्या आईने जावयासमोर त्याच्या आईची गोष्ट काढायची नसते, चांगली नाही आणि वाईटही नाही. माझ्या आईने मला हे मुग्धाचं लग्न ठरलं त्याच दिवशी बजावलं होतं. विहिणीच्या घरचं विहिणीच्या घरात. आणि गिरीश माझा शहाणा जावई असला तरी शेवटी जावई. मी तेरा दिवस हे उत्तर घोकत होते. गणितात आम्ही अशाला म्हणतो, उत्तर बरोबर, रीत खोटी.

खरी रीत ही. मला व्हिसला जायचं होतं. तुमच्यापेक्षा जास्त जायचं होतं. उन्हाळा-उन्हाळा करत मी चार वर्षं तुमच्याशी भांडले आणि प्रत्येक बेटावरून परतताना बोटीच्या मागच्या कठड्याशी उभी राहून मनात पुढचं बेट शोधत होते. मी घरात कायम कुणाची तरी होते: बाई, आई, सासू, आजी. त्या रिकाम्या गावांत मला कुणी ओळखत नव्हतं, कुणी काही विकत नव्हतं, घाई नव्हती. पासष्टाव्या वर्षी मला पहिल्यांदा माझा स्वतःचा दिवस मिळाला, आणि तो तुम्ही दिलात. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही वाद जिंकला असतात. एवढ्यासाठी गप्प बसले, विहीणबाई. किती क्षुद्रपणा हा. आणि आभार मानायचे राहून गेले ते गेलेच.

इथवर लिहिलं आणि गिरीशकडे गेले. पुढचं परत आल्यावर लिहिते आहे.

सुतक नसलं तरी विहिणीला एक काम असतंच. तेरावं झालं की मुलाचा दुखवटा सासुरवाडीने काढायचा. त्याला नवं कापड द्यायचं आणि म्हणायचं, आता ऊठ, कामाला लाग. मी निळा शर्ट घेतला. पांढरा घेणार होते, पण तुम्ही म्हणायचात की पांढऱ्यात तो आजारी दिसतो. एलआरटी, एमआरटी, मग बस असं करत मरीन परेडला पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. गिरीश एकटाच तुमच्या साड्या खोक्यांत भरत होता. घड्या चुकत होता.

त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, शर्ट हातात दिला. तो वाकायला लागला तर मी त्याला धरून थांबवलं. "गिरीश, आधी ऐक. मी तुला खोटं सांगितलं. मला माहीत होतं. जानेवारीपासून."

तो तसाच, अर्धा वाकलेला.

मी सगळं सांगितलं. घमेलं, खळगा, चिठ्ठी, मार्चची तारीख. शेवटी म्हटलं, "आईने सांगू नको म्हटलं हे खरं. पण मी त्यासाठी गप्प राहिले नाही. मला येत्या फेब्रुवारीत तिच्याबरोबर व्हिसला जायचं होतं, म्हणून गप्प राहिले."

तो खिडकीपाशी गेला. बाहेर नांगरलेली जहाजं बघायला लागला. मग माझ्याकडे न वळता म्हणाला, "तुम्ही सांगायला हवं होतंत, काकू."

"हो."

"मी तिला ओढत नेलं असतं."

"हो, नेलं असतंस."

मी "पण" म्हटलं नाही. तिने ऐकलं असतं का, गेली असती का, वाचली असती का, हे सगळे "पण" माझ्या तोंडाशी आले होते आणि ते मी गिळले. त्याने क्षमा केली नाही, मी मागितली नाही. पोरगा रागावलेला आहे आणि त्याचा राग रास्त आहे. तो किती दिवस चालेल ते चालू दे. मी कुठे पळून जात नाही. फेब्रुवारीत आठ दिवस सोडले तर. हो, व्हिसला मी जाणार आहे, हेही त्याला तिथेच सांगितलं, म्हणजे मागाहून पुन्हा काही लपवलं असं नको.

मी चपला घालायला लागले. दाराशी पोचले तेव्हा तो म्हणाला, "काकू, तिला थंडी वाजायची का तिथे?"

एवढा मोठा मॅनेजर, चाळिशीला आलेला, हातात निळा शर्ट.

"वाजायची," मी म्हटलं. "पण परत फिरू या म्हटलं की चिडायची. मग संध्याकाळी आम्ही दोघी एकाच पांघरुणात बसायचो. एकीची पाठ भिंतीला, दुसरीची तिच्या खांद्याला. खाली गावात एक-एक दिवा लागायचा, आणि कोण कोण घरी आहे ते ती मोजायची."

गिरीशने एका खुर्चीवरचं खोकं उचलून खाली ठेवलं.

"अजून सांगा," म्हणाला.

मी चपला काढल्या आणि बसले.